लुंबिनीनं धरलेला ‘च’

नायगावच्या सोनकांबळ्यांची लुंबिनी लहानपणापासूनच हुज्जतखोर. शाळेत गुरुजी म्हणाले, कावळे काळे असतात, तर हिचा हात वर: ‘गुरुजी, तुम्ही सगळे पाहिलेत का?’ गुरुजी हसायचे, पोरं बेजार व्हायची आणि आई घरी हात जोडायची. आईला वाटायचं, मोठी झाली की खोड जाईल. ती काही गेली नाही.

तिचे वडील केरबा वीज कंपनीत लाइनमन. दहावीला पोरीला चांगले मार्क पडले तेव्हा घरात फार चर्चा झालीच नाही. चांगले मार्क म्हणजे लातूर आणि लातूर म्हणजे डॉक्टरकी, एवढा एकच रस्ता आख्ख्या तालुक्याला पाठ होता. लुंबिनी गेली. खोलीत तीन पोरी, मेसचा डबा, सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी अभ्यासिका. दोन वर्षं तिनं पेशी, ऊती आणि बेडकाचं हृदय घोकलं. शेवटी निकाल लागला तेव्हा डॉक्टरकी बरीच लांब राहिली होती. तिला वाईट वाटलं, पण जेवढं वाटायला हवं तेवढं वाटलं नाही आणि हे तिचं तिलाच नवल वाटलं.

घरी येऊन तिनं वडिलांना सांगून टाकलं, “पप्पा, मला कायदा शिकायचाय.”

केरबांनी हातातली पक्कड बाजूला ठेवली. मग म्हणाले, “ठरलंय का खरंच? का निकालाच्या रागानं बोलून राहिली?”

“ठरलंय.”

“मग शीक. पण लई चांगली शीक. धड हे न्हाई, धड ते न्हाई, असं करू नको.”

पुन्हा लातूर. या वेळी कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा क्लास. मेडिकलच्या भल्यामोठ्या फलकांच्या मध्ये एका जिन्यानं वर गेलं की हा लहानसा वर्ग लागायचा. शिकवायला श्रीनाथ सर होते. तरणे, चुणचुणीत, बोलायला गोड आणि खडू हातात आला की वाऱ्यासारखे. इंग्रजी, सामान्य ज्ञान, कायद्याची तोंडओळख, सगळ्यात लुंबिनी पुढं. पण तर्काचे प्रश्न आले की तिची पार फजिती व्हायची.

एक दिवस फळ्यावर प्रश्न होता: सर्व डॉक्टर गायक आहेत. सर्व गायक उंच आहेत. तर सर्व डॉक्टर उंच आहेत, हा निष्कर्ष निघतो की नाही?

“नाही निघत,” लुंबिनी म्हणाली.

“का?”

“सर, माझी मावशी नांदेडला दवाखान्यात नर्स आहे. तिथले मोठे डॉक्टर तिच्या खांद्याला लागतात.”

वर्ग खो-खो हसला. सरही हसले. पण तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं. “हे बघ लुंबिनी, राग मानू नको. लॉजिकलच्या मागं लागण्यात तुझा वेळ जाऊन राहिलाय. ते सोडून दे. बाकीचं पक्कं कर, एखादं कॉलेज मिळून जाईल.”

सरांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण तो ‘एखादं’ शब्द तिच्या डोक्यात शिरला तो निघेचना. आपण एखाद्या कॉलेजात जाण्यासाठी डॉक्टरकी सोडली का?

सुट्टी लागली तशी ती गावाकडं निघाली. नायगावला जायचं तर नांदेडला गाडी बदलावी लागते, म्हणून दरवेळी धम्मप्रिया मावशीकडं चहाला थांबायचं ठरलेलं. मावशी म्हणजे तीच दवाखान्यातली नर्स. ती भाग्यनगरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची आणि खाली घरमालकीण, चंद्रप्रभा मॅडम. मॅडम आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शेवटी शेवटी त्यांच्या वर्गात पोरंच येईनाशी झाली. ज्याला त्याला विज्ञान पाहिजे. मॅडमच्या पाठोपाठ त्या कॉलेजातला त्यांचा विषयही बंद झाला.

त्या दिवशी मॅडम ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. जिना चढता चढता मावशी सहज म्हणाली, “मॅडम, आमची ही पोरगी तुमच्या विषयात मार खाऊन राहिली बघा.”

मॅडमचा हात थांबला. “माझ्या विषयात? तो अजून कुणी विचारतं?”

“परीक्षेत विचारतात,” लुंबिनी म्हणाली.

“बस इथं.” मॅडमनी मेथीची परात बाजूला सारली. “काय अडतं, सांग.”

लुंबिनीनं डॉक्टर-गायकांचा प्रश्न सांगितला आणि उत्तरासोबत बुटक्या डॉक्टरांचीही गोष्ट सांगितली. तिला वाटलं, आता ह्याही हसणार. मॅडम हसल्या नाहीत.

“भांडायला आवडतं तुला?”

“हाव,” ती म्हणाली आणि लगेच ओशाळली.

“चांगलं आहे. फक्त तू चुकीच्या माणसाशी भांडतेस. दिलेलं वाक्य हे पाहुणा समज. दारात आला, घरात घे. तू खरा का खोटा, असं पाहुण्याला विचारायचं नाही. डॉक्टर गायक म्हणाला ना, असू दे गायक. गायक उंच म्हणाला, असू दे उंच. पण पाहुण्याच्या मागून तिसराच कुणी आत घुसू लागला आणि म्हणाला, मी यांच्यासोबतचा, तर त्याला उंबऱ्यावर अडवायचं. तू खरंच यांच्यासोबतचा का? दाखव नातं! तिथं भांड. तिथं जीव तोडून भांड.”

लुंबिनी बघतच राहिली. आजवर तिला सगळ्यांनी भांडू नको म्हणून सांगितलं होतं. कुठं भांडावं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सुट्टीत ती नायगावला गेलीच नाही. वडिलांना फोन करून मावशीकडं राहिली. रोज सकाळी ओट्यावर तालीम सुरू झाली. मॅडम वर्तमानपत्रातलं वाक्य काढायच्या, भाजीवालीचं बोलणं पकडायच्या, समोरच्या ऑटोवर लिहिलेलं वाचायच्या आणि विचारायच्या, “यातून काय निघतं? आणि काय निघाल्यासारखं वाटतं, पण निघत नाही?” सुरुवातीला लुंबिनी दहा गोष्टी काढायची आणि मॅडम त्यातल्या नऊ खोडायच्या. हळूहळू खोडणं कमी झालं.

“बारक्या शब्दांकडं बघ,” मॅडम सारख्या बजावायच्या. “सगळे, काही, फक्त, तर, तरच. मोठे शब्द नुसते मिरवायला असतात. वाक्याची किल्ली या बारक्यांच्याच कमरेला.”

आणि जिथं एकापेक्षा जास्त शक्यता दिसतील, तिथं घाबरायचं नाही, सगळ्या कागदावर मांडायच्या, हेही त्यांनीच शिकवलं. लुंबिनी लातूरला परत निघाली तेव्हा मॅडमचा चेहरा तिला पहिल्यापेक्षा तरुण वाटला. मावशी म्हणाली, तूच लई दिवसांनी त्यांचा वर्ग भरवला.

परीक्षा जवळ आली तशी क्लासमध्ये मोठी सराव चाचणी झाली. पेपर स्वतः श्रीनाथ सरांनी काढला होता. दुसऱ्या दिवशी ते एकेक प्रश्न आणि त्याचं उत्तर भराभर फळ्यावर लिहीत होते आणि पोरं आपापली बरोबर-चूक करत होती. एका प्रश्नावर लुंबिनीची पेन्सिल थांबली. प्रश्न असा होता: वेळेवर येणाऱ्यांनाच प्रवेश मिळतो. मालविकाला प्रवेश मिळाला नाही. निष्कर्ष: मालविका वेळेवर आली नाही.

“निष्कर्ष निघतो,” सर म्हणाले. “पुढचा प्रश्न.”

“सर,” लुंबिनी उठली, “नाही निघत.”

मागून कुणीतरी कुजबुजलं, “उठली वकीलबाई!” हसण्याची एक लाट आली.

“अगं, सरळ आहे,” सर म्हणाले. “वेळेवर आली असती तर प्रवेश मिळाला असता. मिळाला नाही, म्हणजे आली नाही.”

“सर, वाक्यात ‘येणाऱ्यांना’ नाही. ‘येणाऱ्यांनाच’ आहे.”

“त्यानं काय होतं?”

“सगळंच बदलतं, सर. ‘च’मुळं एवढंच कळतं, की ज्याला प्रवेश मिळाला तो नक्की वेळेवर आला होता. वेळेवर आलेल्या प्रत्येकाला प्रवेश मिळालाच पाहिजे, असं ते वाक्य म्हणतच नाही. मालविका वेळेवर आली असेल आणि दुसऱ्याच कशासाठी तरी अडवली असेल.”

सरांच्या कपाळावर आठी पडली. सगळ्या वर्गानं ‘निघतो’ लिहिलं होतं. एकट्या लुंबिनीचं उत्तर वेगळं. “वेळेवर आलेल्याला कोण कशाला अडवेल?” सर जरा चिडूनच म्हणाले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून निलंग्याचा मडिवाळप्पा उभा राहिला. अंगानं थोराड, बोलायला लाजाळू. “अय्यो सर,” तो म्हणाला, “मागच्या चाचणीला मी सगळ्यांच्या आधी आलतो की! ओळखपत्र खोलीवर राहिलं, तर तुम्हीच मला दारातून परत धाडलं.”

वर्गात असा हशा उसळला, की शेजारच्या क्लासमधली पोरं दारात येऊन बघायला लागली. मडिवाळप्पा कानापर्यंत लाल झाला. लुंबिनी मात्र हसली नाही. ती सरांकडं बघत होती.

श्रीनाथ सर फळ्याकडं वळले. ते वाक्य त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचलं, ‘च’ खाली खडूनं रेघ मारली, आणि मग स्वतःच लिहिलेलं उत्तर तळहातानं पुसून टाकलं.

“पेपर मी काढला आणि चूकही माझीच,” ते सगळ्या वर्गाला म्हणाले. “हा ‘च’ मी लिहिला, पण वाचला नाही.” मग त्यांनी खडू लुंबिनीपुढं धरला. “ये. आजचा उरलेला तास तू घे. आणि मी तुला जे सोडून दे म्हणालो होतो, ते विसर.”

लुंबिनी पुढं आली आणि तिनं खडू हातात घेतला. तिनं फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं, वेळेवर येणाऱ्यांचं. त्याच्या आत एक लहान वर्तुळ, प्रवेश मिळालेल्यांचं. “आता सांगा,” ती म्हणाली, “लहान वर्तुळाच्या बाहेर, पण मोठ्याच्या आत कोण उभं आहे?”

“मडिवाळप्पा!” आख्खा वर्ग ओरडला.

त्या दिवसापासून लॉजिकलची अडचण आली की पोरं तिच्या बाकाकडं यायला लागली. श्रीनाथ सरसुद्धा पेपर काढला की आधी तिच्या हातात द्यायचे. “बघ, कुठं काही घुसून राहिलंय का.”

परीक्षेला तिनं नांदेडचं केंद्र घेतलं होतं. ऑटोनं जाताना मावशी सोबत होती. मॅडम मुद्दाम आल्या नाहीत. आपण दिसलो की तिला दडपण येईल, असं त्या म्हणाल्या. संगणकासमोर बसल्यावर पहिले प्रश्न सरळ गेले. मग एक आडवा आला: पाच पुस्तकं एका ओळीत आहेत. लाल बरोबर मधोमध. निळं हिरव्याच्या लगेच डावीकडं. पिवळं डाव्या टोकाला नाही. पाचवं काळं. तर दिलेल्यांपैकी कोणतं पुस्तक डावीकडून दुसरं असू शकतं: काळं, निळं, पिवळं की लाल?

तिच्या डोळ्यांपुढं पाचही रंग एकमेकांत मिसळले. घड्याळाचे आकडे पडद्यावर पळत होते. सोडून पुढं जावं, असं वाटलं. मग तिनं एक श्वास घेतला आणि कच्च्या कागदावर ओळ आखली. लाल मध्ये ठेवलं. निळं आणि हिरवं जोडीनं चालणार, म्हणजे ती जोडी एकतर लालच्या डावीकडं मावणार, नाहीतर उजवीकडं. दोनच शक्यता. डावीकडं बसवली तर दुसरं हिरवं. ते पर्यायांत नव्हतंच. उजवीकडं बसवली तर डावीकडं उरले काळं आणि पिवळं. पिवळ्याला टोक चालत नाही, म्हणजे टोकाला काळं आणि दुसरं...

पिवळं! तिनं ते दाबलं तेव्हा तिला एवढा आनंद झाला, की हॉलमध्ये मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. पुढचे प्रश्न तिनं असे सोडवले, जसं कुणी ओळखीच्या गल्लीतून चालत जावं.

निकाल आला तेव्हा ती नायगावला होती. गुण बघून तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तिनं दोनदा पान उघडलं. तर्काच्या भागात तिचा एकही प्रश्न चुकला नव्हता. आणि काही आठवड्यांनी प्रवेशाची पहिली यादी लागली, त्यात तिचं नाव होतं. एखाद्या कॉलेजात नव्हे, तिनं पहिल्या पसंतीला टाकलेल्या मुंबईच्या कॉलेजात.

तिनं आधी मॅडमना फोन लावला. पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला आणि मॅडम म्हणाल्या, “माझा विषय बंद पडला नाही गं. माझा विषय मुंबईला चाललाय!”

वडील घरी नव्हते. बाजाराचा दिवस आणि भर दुपारी बाजारगल्लीची लाइट गेलेली. लुंबिनी उन्हात धावत निघाली. केरबा खांबावर होते. खाली चक्कीवाला, शिंपी, थंड पेयाचा गाडीवाला, सगळे घामाघूम होऊन वर बघत उभे होते.

“पप्पा!” ती खालून ओरडली. “नंबर लागला!”

“कुठं?”

“मुंबईला! पहिल्याच यादीत!”

केरबा खांबावरच थबकले. कमरेच्या पट्ट्याला धरून त्यांनी खाली पाहिलं, मग सगळ्या बाजाराकडं, आणि असा आवाज दिला, की वेशीपर्यंत गेला असेल: “ऐका हो! माझी लेक मुंबईला कायदा शिकायला चाललीय! पहिल्या यादीत हाय!”

खाली टाळ्या पडल्या. शिंपी म्हणाला, “केरबाभाऊ, पेढे खाऊच, पण आधी लाइट तर द्या!” सगळे हसले. केरबांनी डोळे बाहीला पुसले, जोड घट्ट केली, खाली उतरले आणि फोनवरून सप्लाय सोडायला सांगितला.

एकदम चक्की घरघरली, पंखे फिरले, कुठल्यातरी दुकानातलं गाणं मधूनच सुरू झालं आणि बाजारानं आरोळी ठोकली. केरबांचे हात तेलकट, काळे झालेले होते. ते पोरीच्या स्वच्छ ओढणीकडं बघत जरा लांबच उभे राहिले. लुंबिनीनंच पुढं होऊन त्यांना मिठी मारली.