बॅगेच्या तळाशी सापडलेला बोल्ट

कॅमेरा माझा, सायकल धाकट्या भावाची. माझं मनगट जुनं दुखणं धरून बसलेलं, म्हणून या सायकल-सहलीत हँडलवरची बॅग माझ्या सायकलला न लावता त्याच्या गळ्यात मारली. सात वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांचे फोटो काढून साठवलेल्या पैशांतून घेतलेला कॅमेरा तो. मी त्याला तळहाताच्या फोडासारखा जपते. खाली स्पंज, बाजूंनी माझे लोकरी मोजे, मधे फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा. ही बॅग नीट बसावी म्हणून निघायच्या सकाळी धाकट्याने हँडल मधोमध धरून ठेवणारे चार बोल्ट सैल केले, हँडल जरा वर फिरवलं आणि घाईघाईने पुन्हा आवळलं. घाई माझीच होती.

"ताई, नाकापेक्षा मोती जड झालाय."

"मोती माझा आहे. तू गुमान चालव."

बॅगेचं झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे कॅमेरा पटकन काढता येतो, हा माझा हुकूम. दुसरा हुकूम शिट्टीचा. रस्ता खराब दिसला की मी मागून शिट्टी वाजवायची आणि त्याने एका हाताने बॅग दाबून धरायची, कॅमेऱ्याला हादरे बसू नयेत म्हणून. तीन दिवस मी अशा उंटावरून शेळ्या हाकल्या. दोन-तीन शिट्ट्यांशिवाय हा पठ्ठ्या हात हलवत नसे.

तिसऱ्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत बॅग रिकामी केली, तर तळाशी काळा बोल्ट. करंगळीच्या पेराएवढा. कॅमेरा उलटासुलटा केला, दोन्ही लेन्स तपासल्या, कॅमेऱ्याचा स्टँड तपासला. सगळं जागच्या जागी होतं.

"कॅमेऱ्याचा नाही ना? मग झालं," धाकटा अंथरुणातून म्हणाला. "सुट्या सामानातला असेल."

मलाही हायसं वाटलं. मी बोल्ट खिशात टाकला. सायकली खाली जिन्यापाशी उभ्या होत्या, पण जाऊन बघावं असं दोघांनाही सुचलं नाही.

सकाळी चढ संपला आणि समोर लांबच लांब वळणांचा उतार लागला. माझी चेन उतरली म्हणून मी थांबले. धाकटा पुढे गेला. चेन बसवून उठताना नजर माझ्याच हँडलच्या मध्यावर गेली. चार काळे बोल्ट. खिशातला काढून शेजारी धरला, तर तोच. आमच्या सायकली एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या.

म्हणजे त्याच्या हँडलला आता तीनच होते, आणि तेही निघायच्या त्या सकाळी, त्याच घाईत आवळलेले.

"थांब! अरे, थांब!"

दोन वळणं खाली तो दिसला, भन्नाट वेगात. वाऱ्यात माझा आवाज पोचेना. मग तीन दिवस जे करत आले तेच केलं. सगळा जीव एकवटून शिट्टी फुंकली.

फुंकल्यावर कळलं मी काय केलं ते.

पहिल्यांदाच त्याने एका शिट्टीत ऐकलं. मागे वळूनही न बघता त्याने डावा हात हँडलवरून काढला आणि सगळा भार टाकून माझा कॅमेरा दाबून धरला.