सातव्या गाण्यातले कावळे

भाताच्या शेतात बांबूला टांगलेली सीडी तुम्ही कधी पाहिली आहे का? मी तीच. कडावच्या सुंदराबाईंच्या परसामागच्या शेतात दोरीवर फिरणारी.

माझ्या पोटात नऊ गाणी आहेत. नऊ मिळून एकच गोष्ट, आइसलँड नावाच्या थंड मुलखातल्या जुन्या देवांची. गिटारचा गडगडाट, मध्येच तिकडच्या गावाकडची बासरी, आणि घसा फाडून गाणारा एक माणूस. माझ्या वेष्टणावर एका डोळ्याचा म्हातारा देव होता. त्याच्या खांद्यांवर दोन कावळे.

सुंदराबाईंच्या मुलाने, रुद्रने, मला कॉलेजात असताना आणलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा त्याचे वडील सहदेव दारातूनच ओरडले, “ह्या मानसाचं काय दुखतंय रं?”

“दुखत नाय बाबा, गोष्ट सांगतोय. हा देव रोज सकाळी दोन कावळे जगभर सोडतो. संध्याकाळी ते परत येऊन त्याच्या कानात सगळी खबर सांगतात.”

सहदेवांचाही एक डोळा गेलेला. ते हसले. “मंग तो मीच की रं! माजं कावळं कुटं हायेत?”

त्यानंतर गोठ्यातलं आवरून आले की म्हणायचे, “ती सातवी लाव.” सातव्या गाण्यात देव कावळ्यांची वाट पाहतो. बापलेक ऐकत बसायचे.

मग रुद्रला नोकरी लागली, जवळच्याच शेलू गावात घर झालं. त्याच्या नव्या लॅपटॉपमध्ये मला शिरायला जागाच नव्हती. मी कपाटात राहिले. सहदेव कधीतरी मला बाहेर काढून सदऱ्याने पुसायचे आणि परत ठेवायचे. गेल्या वर्षी ते गेले. त्याआधी ‘या रविवारी येतो’ म्हणत रुद्र दोन महिने आला नव्हता.

यंदा भात निसवला, लोंब्या बाहेर आल्या, तशी पाखरं हाकलायला सुंदराबाईंनी मला दोरीत ओवलं. त्यांच्या लेखी मी एक चकाकती चकती.

पितृपक्षात सहदेवांच्या तिथीला रुद्र आला. परसातल्या दगडावर पान ठेवलं. एक कावळा पेरूच्या झाडावर येऊन बसला. वारा सुटला, मी गरकन फिरले, माझ्यावरचं ऊन त्याच्या डोळ्यांत गेलं. उडाला. पुन्हा आला, पुन्हा तेच.

शेजारच्या भागूबाई म्हणाल्या, “सहदेवदादा रागावलाय. शेलू काय लांब हाय का रं? बापाला भेटाया जमलं नाय तुला.”

सुंदराबाईंनी हात जोडले. “पोरावर राग धरू नका वो.”

“बाबा, चुकलो,” रुद्र म्हणाला. “दर रविवारी येईन. आईजवळ बसेन.”

कावळा शिवलाच नाही. राग कसला, आड मीच येतेय, हे मला ओरडून सांगायचं होतं. पोटात नऊ गाणी असून एक शब्द निघाला नाही.

शेवटी गाईला घास देऊन मायलेक जेवले. पान दगडावर तसंच राहिलं. हात धुताना रुद्रला मी दिसले.

“आई, ही इथं कशी?”

“चकाकते म्हून बांधली. तुजी हाय का?”

“बाबांची हाय.”

त्याने मला सोडवलं, पुसलं आणि सहदेवांच्या फोटोपाशी ठेवलं. कावळ्याचं कारण दोघांनाही कळलं नाही. तुमच्याकडे सीडी लावायचं यंत्र अजून चालत असेल, तर एकदा इकडे घेऊन या. सातवं गाणं कुणी ऐकून फार दिवस झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात दोन कावळे आले आणि पानातला भात खाऊन गेले.