एका बोटाची तिकडी

धाकट्याची बोटं यंत्रात गेली, तेव्हा बघायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन यायचा, "जिवावरचं बोटांवर निभावलं म्हणायचं." माणसं वाईट नव्हती, काहीतरी बोलावं लागतं म्हणून बोलत होती. पुठ्ठ्याची खोकी कापणाऱ्या त्या यंत्राने डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तेवढी मागे ठेवली होती. कारखाना हे धाकट्याचं पोट होतं, पण जीव होता गिटार. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि आलेला माणूस चहा पिऊन निघून जायचा.

थोरला गिटार शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. दुःख झालं की हा गडी फळ्याकडे धावणार, असा त्याचा स्वभाव. त्याने स्वतःच्या डाव्या हाताची तीन बोटं चिकटपट्टीने तळव्याला बांधली, गिटार मांडीवर घेतली आणि दार लावून बसला.

"अहो, त्याच्याजवळ जाऊन बसा ना जरा," बायको म्हणाली.

"रिकाम्या हाताने जाऊन काय करू?"

गिटारवरची कॉर्ड म्हणजे सहा तारांचा केवढा तरी संसार वाटतो. पण आत कर्ती माणसं तीनच. मूळ स्वर, त्याच्यापासूनचा तिसरा आणि पाचवा. उरलेल्या तारा याच तिघांची री ओढतात. या तिकडीला ट्रायड म्हणतात, आणि ती गिटारच्या दांडीवर, म्हणजे फ्रेटबोर्डवर, एका जागी नाही, ठिकठिकाणी दडलेली असते. मास्तरने ती आयुष्यभर शिकवली होती, पण एका बोटाने कधी शोधली नव्हती. शोधता शोधता त्याला दिसलं की चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर एक बोट आडवं टाकलं की मेजर तिकडी मिळते, दांडीवरची फ्रेट, म्हणजे आडवी पट्टी, कुठलीही असो. तेच बोट त्याच फ्रेटवर एक तार सरकवून खालच्या तीन तारांवर टाकलं की मायनर. म्हणजे सगळं हसणं आणि सगळं रडणं एका बोटात! मास्तरला हे माहीत नव्हतं असं नाही, पण गरज पडेपर्यंत कोण बघतो? तो चिकटपट्टीसकट धाकट्याच्या खोलीत धावला.

"ऊठ. बोट आण इकडे."

"दादा, नको रे."

"एकदा. मग तू सुटलास, मी सुटलो."

धाकट्याने बोट टाकलं, उजव्या हाताने तीनच तारा छेडल्या. कॉर्ड वाजली. अपघातानंतर पहिल्यांदा त्याने भिंतीकडे पाठ केली. त्या संध्याकाळी वहिनीने त्याला हाक न मारता जेवायला आलेलं पाहिलं आणि पदराने डोळे टिपले.

तेव्हापासून रोज. हात दुखायचा. बोट आडवं टाकलं की नेमका सांधा मधल्या तारेवर यायचा आणि ती तार मुकी व्हायची. मेजरमध्ये त्या तारेवर मूळ स्वर असतो. म्हणजे घरात सगळे आहेत, फक्त घरमालक नाही. "जमेल," मास्तर म्हणायचा. "बोट जरा तिरकं धर. जमेल." धाकटा ज्या बॅंडमध्ये वाजवायचा, ते बॅंडवाले भले लोक. त्यांनी त्याची जागा अजून कुणाला दिली नव्हती. रविवारी दुपारी तालमीला ये, बघू, म्हणाले. बघू म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. वाजवलं तर धाकटा पुन्हा माणसांत, नाही तर पुन्हा ती भिंत.

तालमीची खोली गोदामाच्या वरच्या मजल्यावर होती. गायिकेने धाकट्याला मिठी मारली, ढोल्या म्हणून ओळखला जाणारा ड्रमर उगाच मोठ्याने हसला. मास्तर गिटारचा आवाज वाढवणाऱ्या ॲम्पशेजारच्या स्टुलावर बसला. चेहरा परीक्षेला पोर घेऊन आलेल्या बापासारखा हसरा ठेवला होता.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्या कडव्यात बोट थकलं, मधली तार खरखरली, मग मुकी झाली, मग पुढच्या कॉर्डलाही मुकी. गायिकेने नजर खाली वळवली. कीबोर्डवाल्याने हळूच धाकट्याचे स्वर स्वतःच्या हातात घेतले. गाणं सावरलं आणि शेवटपर्यंत नीट गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ढोल्या म्हणाला, "अरे, वाघ आहेस वाघ!"

धाकटा टाळ्यांकडे बघत नव्हता. त्याने तारा छेडल्या. ॲम्पमधून जेमतेम कुजबुज आली.

दरवर्षी मास्तरच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम असायचा. एखादं पोर गडबडलं की ॲम्पशेजारी बसलेला माणूस त्याचा आवाज अलगद उतरवायचा. पोर वाजवत राहायचं, आईबाप टाळ्या वाजवायचे, कुणाची लाज जायची नाही. त्या स्टुलावर कित्येक वर्षं कधी मास्तर, कधी धाकटा बसला होता.

"दादा, आवाज तू उतरवलास?"

मास्तरने खाली पाहिलं. त्याची बोटं अजून बटणावर होती.

"अरे, सवयीने... माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही रे. देवाशप्पथ."

"माहीत आहे." धाकट्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मास्तरला तेच सहन होईना. "मुद्दाम केलं असतंस तर भांडलो असतो."

"मी वाढवतो. पुन्हा वाजव. बोट तिरकं..."

"तू इतके दिवस तोंडाने जमेल म्हणालास, मी विश्वास ठेवला. पण तुझ्या हाताला खोटं बोलता येत नाही." त्याने पट्टा गळ्यातून काढला. अंगठा आणि एका बोटात धरून गिटार पेटीत ठेवताना ती घसरली. ढोल्या पुढे झाला, पण त्याने मानेनेच नको म्हटलं. मग बॅंडकडे वळून तो म्हणाला, "दुसरा माणूस बघा. लवकर बघा."

मास्तरने आवाजाचं बटण पुरतं वर फिरवलं. ॲम्प नुसता घोंघावत राहिला. आपला कान चुकला, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. त्यासाठी त्याने तोंडही उघडलं. पण कान चुकला नव्हता, आणि समोर उभ्या असलेल्या भावाला ते त्याच्याइतकंच ठाऊक होतं.