मिस्त्रीचा मुक्काम

"ह्यो टॅक्टर न्हवं, दादा, दुखणं हाय दुखणं!" आकारामनं हातातला पाना बांधावर आपटला. "तासभर वढतोय न् दिसभर बसतोय. जाऊ द्या की भंगारात!"

थोरला भाऊ कृष्णात वाकून इंजिनाखाली बघत होता. निम्म्या नांगरटीत ट्रॅक्टर उभा होता आणि काळं तेल ढेकळांवर ठिबकत होतं. वैशाखाचं ऊन भाजत होतं. वळीव कोसळायच्या आत रान उलथून तापलं नाही, तर पुढचं पीक हरळीच्याच घशात जाणार होतं.

"चमनमिस्त्रीला सांगावा धाडूया," शेवटी कृष्णात म्हणाला.

"परत चमन? नाकापरीस मोती जड झालाय, दादा! औंदा ऊस झ्याक झालाय. नवा घेऊया की."

"आधी मिस्त्री काय म्हणतोय बघू."

दुसरं महायुद्ध संपल्यावर फौजेच्या लिलावातनं हा ट्रॅक्टर आणला, तेव्हा अख्खा गाव बघायला लोटला होता. त्याच साली देवीच्या साथीत कृष्णातची बायको गेली. पोरबाळ नव्हतं. आकारामचा संसार गावात आणि कृष्णात एकटा मळ्यातल्या घरात. भावजय शालूबाई गड्याच्या हाती भाकरी धाडायची. आधी तो निदान बैलांशी तरी बोलायचा. ट्रॅक्टर आला आणि बैलही विकले गेले.

पण ट्रॅक्टर बिघडला की कोल्हापुरातनं चमनमिस्त्री यायचा आणि काम संपेतोवर मळ्यातच राहायचा. कोंबडं चमननं हलाल करायचं, रस्सा कृष्णातनं रटरटवायचा. कांदा चिरताना डोळं पुसत चमन आपल्या सासऱ्याच्या भानगडी सांगायचा आणि दोघं ठसका लागेपर्यंत हसायचे. एरवी त्या घरात माणसाचं हसू कुठलं?

सांगावा मिळताच चमन एस्टीनं आला. दिवस कलायच्या आत त्यानं इंजिन उघडलं, वाकून बघितलं आणि हात धुऊन चुलीवर रटरटणाऱ्या रश्श्यापाशी तोंडी लावायचा कांदा चिरत बसला.

"दादा, खरं सांगू? आता ह्यात राम न्हाय. इंजनाला तडा गेलाय. सांधून दीन, पन नांगरटीचा दम ह्यात न्हाय. नवाच घ्या."

"सांध की. मोडला तर परत सांध."

"आवं, कशापायी? माझं पोट भरंल, पन तुमचं रान मरंल की!"

कृष्णात मिरचीची देठं खुडत राहिला. मग चुलीकडं तोंड करून हळूच म्हणाला, "नवा आला म्हंजे तू कशाला येशील रं हिकडं?"

चमनच्या हातातला कांदा तसाच राहिला.

"रस्सा खाली लागंल बघा," एवढंच तो म्हणाला.

सकाळी पिशवी खांद्याला अडकवून तो दारात थांबला. "राग मानू नगा. तुमच्या रानात खोटं काम माझ्या हातनं व्हायचं न्हाय."

कृष्णात गावात गेला आणि आकारामला म्हणाला, "आण तुझा नवा."

नवा आला. वळवाच्या आधी रान उलथून झालं. आकाराम स्वतःच चालवायचा. "दादा, तुमी आता निवांत बसा," तो मायेनं म्हणायचा आणि ते निवांत कृष्णातला काट्यासारखं सलायचं. नवं यंत्र बिघडायचं नाव घेईना. बेंदूर गेला, पावसाळा गेला, दसरा गेला. मळ्यात मुक्कामाला कोण आलं नाही. जुना ट्रॅक्टर भंगारात गेला होता; कधीमधी कृष्णात त्याच्या मोकळ्या छपरात उगंच जाऊन उभा राहायचा.

सुगी संपली आणि एके दिवशी त्यानं धुतलेला सदरा घातला, फेटा बांधला नि एस्टी धरली. उद्यमनगरात विचारत विचारत तो चमनच्या कारखान्यात पोचला. घणांच्या आवाजानं कानठळ्या बसत होत्या. चमन एका मालट्रकच्या खाली उताणा पडला होता. त्याला आधी पायताणं दिसली, मग माणूस.

"दादा? काय बंद पडलं?"

"काय न्हाय. ब्येस चाललंय समदं."

"मग?"

"आलोय असाच."

चमन खालनं सरकत बाहेर आला. घटकाभर त्यानं कृष्णातच्या तोंडाकडं बघितलं. मग पायानं तेलाचा एक रिकामा डबा पुढं लोटला.

"बसा. न् ह्यो बोल्ट धरा घट, मला एकट्याला आवरंना झालाय."

कृष्णातनं धुतल्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.