पहिल्या टाकीची हवा

सांडपाण्याशी आमच्या नव्या साहेबांचा आजवरचा संबंध फ्लशच्या बटणापुरता. तरी त्यांना शुद्धीकरण केंद्राचं प्रमुख केलं, आणि हे उंटावरचे शहाणे पहिल्याच आठवड्यात नाकाला रुमाल लावून माझ्या प्रयोगशाळेत आले.

"बाई, येणाऱ्या पाण्यात फॉस्फरस सात, आणि तुमच्या पहिल्या टाकीत पंचवीस? पाणी साफ करता की घाण करता?"

मी समजावलं. पहिल्या टाकीत हवा नसते. तिथे पाणी साफ करणारे जंतू गुदमरून पोटातला फॉस्फरस ओकतात. पुढच्या, हवेच्या टाकीत गेले की जन्माचे उपाशी असल्यासारखे ओकलं त्याहून जास्त खातात. म्हणून तर तळ्यात सोडतो ते पाणी एकाच्या आत. थोरल्या भावाने मला हे काम शिकवलं तेच मुळी असं: आधी पंचवीस दिसू दे, मग निर्धास्त हो.

पालथ्या घड्यावर पाणी! "पहिल्या टाकीतही हवा सोडा. आकडा उतरला नाही, तर तुमचं कंत्राट संपलं."

घरात कमावती मी एकटी. पण या ढ माणसापायी जंतूंची वाट लावायची? मी शक्कल काढली. साहेबांची गाडी फाटकात दिसली की व्हॉल्व्ह उघडायचा, पाठ वळली की बंद. रजिस्टरात पंचवीसच्या जागी सात लिहायचं आणि खाली सही ठोकायची. साहेब बुडबुडे बघून असे खूश, जणू स्वतःच फुंकलेत. त्यांना मनातल्या मनात हसत मी दोन महिने काढले. मजेत काढले, खोटं कशाला सांगू?

काल दादाचा फोन आला. तळ्यापलीकडचं केंद्र तो वीस वर्षं सांभाळतोय.

"तुमच्या साहेबांचा कागद वरच्या ऑफिसातून सगळ्या केंद्रांना आला. पहिल्या टाकीत हवा सोडा म्हणून. मी सोडली. पंधरा दिवसांत बाहेर सोडतो त्या पाण्यातला फॉस्फरस सहावर गेला, तळ्यावर शेवाळ धरलंय. मला नोटीस आलीय. माझं कुठे चुकलं गं?"

"दादा, तू? त्या गाढवाचं ऐकलंस?"

"त्याचा कागद मी फाडून टाकला असता. पण सोबत तुझं रजिस्टर जोडलं होतं. रोज सात, आणि खाली तुझी सही."

साहेबांना निदान काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं.

मी दादाला खरं काय ते सांगितलं. त्याने फोन ठेवला नाही. फोन तसाच कानाशी धरून, रजिस्टर काखेत मारून, मी साहेबांच्या केबिनकडे निघाले.