बटण दाबण्याआधीचा वेळ

मित्रांनो, सेकंद मोजण्यापलीकडे काहीही न येणारे मी एक जुने स्टॉपवॉच आहे. थायलंडमधल्या चिआंग माईच्या एका प्रयोगशाळेत, पिकुन नावाच्या सहायिकेच्या गळ्यात लटकून माझे आयुष्य गेले. "हे कधी चुकत नाही," असे आमच्या प्रमुख प्राध्यापिका साइसुनी पाहुण्यांना कौतुकाने सांगत; आम्ही सगळे त्यांना 'आचान', म्हणजे गुरू, म्हणत असू. ते कौतुक आज आठवले की काचेआड तोंड लपवावेसे वाटते.

रक्तात काविळीचा विषाणू असलेल्या गरोदर स्त्रियांना, बाळाला लागण होऊ नये म्हणून एक औषध देतात. पोटातल्या जिवाच्या पुढच्या वागण्यावर त्याचा काही परिणाम होतो का, हे आम्ही उंदरांवर तपासत होतो. काही गाभण माद्यांना औषध पाजायचे, काहींना नुसते पाणी. मग चार दिवसांचे पिलू पत्र्याच्या थाळीत उताणे ठेवायचे आणि ते पालथे होईपर्यंतचा वेळ मी मोजायचा.

पिकुन फार हळवी. औषधाचे पिलू थाळीत ठेवले की ती आधी हात जोडी. "सोन्या, माफ कर हं. तुझ्या आईला ते कडूजहर मीच पाजलं." मग माझे बटण दाबी.

"अशी माफी मागत बसलीस तर तू निर्वाणाला आधी पोचशील, आपला प्रयोग नंतर!" आचान दारातूनच हसत.

पाण्याची पिले दोन सेकंदांत वळत. औषधाची पाच-सहा घेत.

पिकुनची धाकटी बहीण ओनुमा तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती आणि तेच औषध घेत होती. तिने फोनवर विचारले, "ताई, ती पिलं कशी आहेत गं? खरं सांग."

"जरा... मंद वाटतात."

ओनुमाने त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या.

मोजणीच्या पाचव्या दिवशी आचाननी सहज थाळीतल्या पिलाला बोट लावले. "अगं, हे तर गार पडलंय! पाण्याच्या पिलांचीही माफी मागतेस का?"

"त्यांचं मी काय वाईट केलंय, आचान?"

बोलता बोलताच पिकुनचा चेहरा उतरला. तिची माफी संपेपर्यंत उघडे पिलू एसीच्या गारठ्यात थंड पडून सुस्तावत असे, आणि ते मी रोज पाहत होते. पण बटण दाबण्याआधीचा वेळ मी कधी मोजलाच नाही.

कोणते पिलू औषधाचे ते सांगणाऱ्या खुणा झाकून, सगळ्या नव्या पिलांना सारखेच उबदार ठेवून पुन्हा मोजले. फरक जवळजवळ उरला नाही. पिकुन मला गळ्यातून न काढताच बहिणीकडे धावली.

"आधी मंद म्हणालीस, आता घे म्हणतेस. कुठलं खरं मानू?" ओनुमाने विचारले.

"औषधाबद्दलचं सगळं मलाही ठाऊक नाही गं. पण तुला सांगितलं ती चूक माझी होती. डॉक्टरांकडे चल, आत्ताच."

ओनुमा उठली, मात्र तिने ताईचा हात धरला नाही.

मित्रांनो, माझा एकही सेकंद चुकला नव्हता. तेच सांगण्याची मला सर्वांत अधिक लाज वाटते. आमच्यासारख्यांचे आकडे जरूर वाचा. पण ते कुणाला सांगण्यापूर्वी, ज्याचे मोजमाप झाले त्या जिवाला एकदा हात लावून पाहा.