चाळीस सेकंदांचा गंज

मित्रांनो, शाळेच्या फाटकावरची जुनी सरकती कडी बोलतेय. रोज सकाळी तुम्ही माझ्या शेजारून धावत आत जाता, पण माझ्याकडे कोणी बघत नाही, त्यामुळे आपली ओळख नसणार. नसली तरी चालेल. मला आता फारसं काही वाटत नाही. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली आहे, ती सांगते आणि गप्प बसते.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. हातभर लांबीची गोल सळई, धरायला एक वाकवलेला कान आणि सरकायला दोन नळ्या, एवढाच माझा पसारा. वेल्डर बडबड्या होता. मला घासताना सारखं चालू, "शाळेचं काम आहे बाबा, धड कर, नाहीतर पोरांचे आईबाप येतील अंगावर." हे तो स्वतःलाच बजावत होता, कारण दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं मला हिरवा रंग दिला, तेल पाजलं आणि दोन बोटांनी सरकवून पाहिलं. मी अलगद सरकले. "वा गं पोरी!" म्हणाला. त्यानंतर माझं कौतुक झालं ते एकदम सतरा वर्षांनी. तेव्हा ते झालं नसतं तर बरं झालं असतं.

आमची शाळा पाचवी ते आठवीची. फाटकावर एक शिपाई, त्यांना सगळेच मामा म्हणतात, मुख्याध्यापिकासुद्धा. मुख्याध्यापिकांना मामा मोठ्या बाई म्हणतात. सुरुवातीची बरीच वर्षं मला काही कामच नव्हतं. सकाळची शाळा सात दहाची, पण मुलं साडेसातपर्यंत निवांत येत राहायची. कोणाची वही राहिली, कोणाचा बूट सापडला नाही. पहिला तास म्हणजे नुसती ये-जा. शेवटी पालकांनीच सभेत आवाज चढवला. "आमची मुलं वेळेवर येतात, त्यांनी काय म्हणून तोच धडा दोनदा ऐकायचा?" त्यांचंही काही खोटं नव्हतं. मग मोठ्या बाईंनी नियम केला आणि पाटीवर रंगवून माझ्या शेजारी लावला. सात दहाला फाटक बंद. मागून येईल त्याचं नाव उशिराच्या वहीत, आणि पहिला तास बाहेरच्या ओट्यावर. वर्षात पाच वेळा नाव आलं की मुलाची रवानगी दुपारच्या सत्रात. शाळेतून काढायचं नाही हं, फक्त सत्र बदलायचं. ऐकायला अगदी साधा नियम.

फाटक बंद करायचं म्हणजे मला सरकवायचं. पहिल्याच आठवड्यात मी दहा पावलांवर आलेल्या पोरांच्या तोंडावर बंद झाले. मामांना ते बघवेना. पण मोठ्या बाईंपुढं तोंड उघडायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी गुपचूप मला तेल घालणं सोडलं. मला वाटलं, विसरले असतील. मग रोज घरी जाताना पिण्याच्या टाकीतलं तांब्याभर पाणी माझ्या नळ्यांवर ओतायला लागले, तेव्हा कळलं की हे विसरणं नाही. मला राग आला. का येऊ नये? रंग उडाला, पापुद्रे सुटले, अंगभर तांबडा गंज चढला. पोरं म्हणायची, "ई, हात नको लावू, हात घाण होतात."

पण मामांचं काय चाललंय ते हळूहळू माझ्या लक्षात आलं. सात दहाची घंटा झाली की ते दोन्ही हातांनी मला धरायचे, एक पाय फाटकाला लावायचे आणि ओढायचे. "सरक की गं भवाने! काय मेलं रोजचं दुखणं आहे!" मध्येच थांबून घाम पुसायचे, हातावर फुंकर मारायचे, पुन्हा ओढायचे. मी करकर करत बोटबोट सरकायचे. या सगळ्याला चाळीस सेकंद लागायचे. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे, मी रोज मोजायचे, मला दुसरा उद्योग काय? तेवढ्या वेळात आठ-दहा पोरं मामांच्या काखेखालून आत. मामा नाटकात गेले असते तर नाव काढलं असतं. आणि खरं सांगते, मग मला गंजाचं वाईट वाटेनासं झालं. उलट थोडी ऐटच वाटायची.

या आठ-दहा जणांत सातवीतली एक मुलगी रोज असायची. मामा तिला आगगाडी म्हणायचे, कारण ती कोपऱ्यावर वळायची तीच "मामाऽऽ" अशी शिटी मारत. तिचे वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. आई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात, सकाळी सहाला कामावर. घरात तीन वर्षांचा भाऊ, बारक्या. त्याला उठवायचं, तोंड धुवायचं, बालवाडीत सोडायचं आणि मग शाळेत यायचं, हे सगळं हिच्याकडे. बालवाडी सातला उघडते. तिथून आमच्या फाटकापर्यंत जीव खाऊन पळालं तरी साडेदहा मिनिटं. तुम्हीच बघा, कसं जमणार?

एकदा मामांनी तिला विचारलं, "अगं, आईला सांग ना मोठ्या बाईंना भेटायला."

"आईला सुट्टी देत नाहीत, मामा. आणि जमतंय की रोज."

जमत होतं ते माझ्या गंजामुळे. बालवाडीच्या बाई ज्या दिवशी दोन मिनिटं उशिरा यायच्या, त्या दिवशी माझ्या चाळीस सेकंदांनीही भागायचं नाही. असे चार दिवस झाले. वहीत तिचं नाव चार वेळा लागलं. पाचव्यांदा लागलं की दुपारचं सत्र. आणि दुपारचं सत्र म्हणजे तिच्यासाठी शाळा बंदच. साडेबाराला बारक्याला बालवाडीतून आणायचं आणि आई येईपर्यंत त्याला सांभाळायचं, हेही तिच्याकडेच होतं. मामांना हे ठाऊक होतं. ती वळणावर दिसेपर्यंत ते माझ्याशी भांडत राहायचे.

मोठ्या बाई दर शनिवारी उशिराची वही बघायच्या. वही जवळजवळ कोरी. "बघा, लागली शिस्त," असं त्या आनंदानं सगळ्यांना सांगायच्या. मामा मान हलवायचे. आठ-दहा मुलं रोज थोडक्यात सुटतात, हे त्यांना कोण सांगणार?

त्या वर्षी दिवाणखान्यासारखं सगळं नीटनेटकं ठेवणाऱ्या एक नव्या पर्यवेक्षिका बाई आल्या. वाईट नव्हत्या हो. पोरांना लागलं तर स्वतः पट्टी बांधायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मामांची झटापट पाहिली आणि त्यांना वाईट वाटलं. "या वयात रोज एवढी ओढाताण! कोणीच कसं बघत नाही या माणसाकडे?" शनिवारी दुपारी मामा कागद पोचवायला बाहेर गेले होते. नव्या बाई शिवणाच्या वर्गातून मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आल्या. काचकागदानं त्यांनी मला घासलं, चिंधीनं पुसलं, दोन्ही नळ्यांत तेल सोडलं. बोटानं सरकवून पाहिलं. "वा! अजून किती छान आहे ही!" सतरा वर्षांनी. मी विरघळले, मित्रांनो. कबूल करते.

सोमवारी सात दहाची घंटा झाली. नव्या बाई मुद्दाम बघायला उभ्या होत्या. शनिवारी फाटक लावलं आणि सोमवारी उघडलं तेही त्यांनीच, त्यामुळे मामांना कशाचाच पत्ता नव्हता. त्यांनी नेहमीसारखा फाटकाला पाय लावला, दोन्ही हातांनी मला धरलं आणि सगळं बळ एकवटून ओढलं. मी सुसाट सुटले. खण्णकन आवाज झाला. मामा तोल जाऊन मागं आपटता आपटता वाचले. फाटक बंद झालं होतं.

"काय मामा, आहे की नाही गंमत?" नव्या बाई हसल्या.

त्या एका क्षणात, सरकताना, मला फार सुख झालं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नंतर फाटकाबाहेर बघितलं. नऊ मुलं उभी होती. आगगाडी सगळ्यांत पुढं, माझ्यापासून दोन हातांवर. धाप लागली होती. बाकीच्यांचा तो पहिला नाहीतर दुसरा उशीर. नव्या बाईंनी वही उघडली.

"नाव?"

तिनं नाव सांगितलं आणि आपणहून म्हणाली, "पाचवं आहे, बाई."

"बाई, तिचं नका लिहू," मामा म्हणाले.

"असं कसं मामा? आठ जणांचं लिहायचं आणि एकीचं सोडायचं?" आणि लिहिलं. त्यांचं तरी काय चुकलं?

दोन दिवसांनी तिची आई आली. कामावरून थेट, हात पांढरेफटक, सुरकुतलेले. फाटकापाशीच मोठ्या बाईंशी बोलणं झालं, म्हणून मला ऐकू आलं.

"दुपारी बारक्याला कोण बघणार, बाई?"

"अहो, पण ही अडचण मला कोणी सांगितलीच नाही. वही तर वर्षभर जवळजवळ कोरी!"

तेव्हा मामा पुढं आले. खाली बघून म्हणाले, "कडी मी गंजवली होती. पोरं आत यावीत म्हणून."

मोठ्या बाईंनी विचारलं, "मामा, मला का नाही सांगितलंत?"

"वाटलं, तुम्ही ऐकणार नाही."

"आणि ऐकलं असतं तर?"

 पण आता मोठ्या बाईंना काही करता येत नव्हतं. महिन्यापूर्वीच दोन मुलांना याच नियमानं दुपारी पाठवलं होतं, त्यांच्या घरच्यांना काय सांगणार? आई म्हणाली, "बरं," आणि निघून गेली. त्या दिवसापासून आगगाडी शाळेत आली नाही.

मोठ्या बाईंनी नंतर सगळ्या वर्गांत फिरून विचारलं, कोणाला घरी काय काय करून यावं लागतं. बरंच निघालं. नव्या वर्षी नियम बदलला. आता फाटक सात वीसला बंद होतं. दोन्ही सत्रांतल्या कोणाचंही नाव लिहिण्याआधी कारण विचारतात. मामा मला दर महिन्याला तेल घालतात. माझ्याशी बोलत मात्र नाहीत.

आगगाडी हल्ली रोज दिसते. आता बालवाडीची घाई नाही, म्हणून आधी हॉस्पिटलात आईचा डबा द्यायला, बारक्याचं बोट धरून, सात पाचला समोरच्या रस्त्यानं जाते. मामांनी एकदा हाक मारली. "ये की गं परत! सात वीस केलेत आता."

ती थांबली. "माझ्या मैत्रिणी आठवीत गेल्या, मामा. आता सातवीत कुठं बसू?" मग बारक्याला म्हणाली, "चल रे," आणि गेली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी. तुमचं जिथं अडतंय ते मोठ्या माणसांना सांगा. एकदा ऐकलं नाही तर दोनदा सांगा. तुमच्याऐवजी मी पुष्कळ वर्षं करकरले, पण माझं करकरणं म्हणजे गंज, एवढंच लोकांना कळलं.

सात पाचला मी सताड उघडी असते. अजून पंधरा मिनिटं कोणीही आत येऊ शकतं. ती वेळेच्या आधी येते आणि पुढं निघून जाते.